न खेळता जिंकायचा सामना

कडूबाला आयुष्यात पहिली खोली मिळाली ती औरंगाबादला, कॉलेजच्या वसतिगृहात. त्याआधी दिवाळी सरली की आई-बाप मेंढरं घेऊन सिल्लोडकडून निघायचे, आज या रानात तर उद्या त्या. शाळा त्यानं मामाच्या घरी राहून केली. मामा वारला आणि ते घरही सुटलं.

फुटबॉल त्याला येत नव्हता. धावता येत होतं. खेळाचे शिक्षक आप्पासाहेब सर यांनी त्याला मैदानाभोवती आठ फेऱ्या मारताना पाहिलं.

"दमला नाहीस?"

"कशानं?" कडूबानं विचारलं.

सरांनी त्याला संघात घेतलं. संघातल्या बाहेरगावच्या पोरांना खोली फुकट असे. शेवटच्या वर्षी तो कप्तान झाला आणि त्याच वर्षी संघाला उतरती कळा लागली.

सहा सामने झाले. सहाही हरले. एकात चार गोल बसले. एकात बचावाला खेळणाऱ्या सांडूनं डोक्यानं चेंडू आपल्याच गोलात घातला. एकात शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत ते पुढं होते, मग दोन गोल खाल्ले. मैदानाच्या कडेला बसणारी पोरं आता फक्त हसायला यायची.

प्राचार्यांनी कडूबाला बोलावलं. "एक तरी सामना जिंका. नाहीतर संघ बंद. खोल्या महिनाअखेर कबड्डीवाल्यांना."

परीक्षेला तीन महिने होते. उरला होता एकच सामना, जालन्याच्या कॉलेजशी, आपल्याच मैदानावर.

त्या दिवशी चार वाजले तरी जालन्याचा संघ आला नाही. नियम साधा होता. पंधरा मिनिटं थांबायचं, मग हजर संघाच्या कप्तानानं कागदावर सही करायची. सही झाली की सामना जिंकला.

चार वाजून दहा मिनिटं झाली असतील. एका ट्रकमधून जालन्याचा कप्तान एकटाच उतरला. त्रिंबक त्याचं नाव. भुवयांवर धूळ होती.

"चिकलठाण्याच्या अलीकडं टेम्पो बंद पडला," तो म्हणाला. "पोरं मिळंल त्या गाडीनं निघालीत. अर्धा तास द्या."

पंचांनी घड्याळ पाहिलं. "मी वेळ झाली की कागद पुढं करीन. थांबायचं असलं तर हजर कप्तानाची मर्जी."

सांडू कडूबाच्या कानाशी आला. "कर सही. देवानं ताट वाढलंय, हात धू आन बस."

गोलकीपर फकिरा शहरातल्याच औरंगपुऱ्याचा. तो म्हणाला, "सात मॅच में पहली बार एक बी गोल नहीं खाया मैं. कर दे ना यार."

सगळे हसले. कडूबाही हसला. पंचांनी कागद पुढं केला. कडूबानं पेन घेतला, पण सही होईना.

कडूबाच्या धनगरांच्यात मेंढरांची लोकर कातरायला चार वाड्यांवरची, म्हणजे आसपासच्या तळांवरची माणसं बोलावतात. बोलावलेला माणूस घरून निघाल्याचा निरोप आला की तो येईपर्यंत पहिली कातर चालत नाही. एका वर्षी दुपार टळली. ओढ्यात धुतलेली मेंढरं पुन्हा धुळीत लोळली. बाप शिव्या देत राहिला. आई, दगडाबाई, एवढंच म्हणाली, "माणूस वाटंला लागलं म्हंजी आलंच."

कडूबानं त्रिंबकाला विचारलं, "वाटंला लागलेत ना?"

"व्हय."

"मग थांबू."

"तुझी खोली जाईल, येड्या," सांडू म्हणाला.

"ठावं हाय."

खरं सांगायचं तर त्याला वाटलं होतं, दमलेले येतील, आपण जिंकू. तेही मनात होतं.

ते पावणेपाचला आले, उसाच्या ट्रॅक्टरला लोंबकळत. त्यांनी तीन गोल केले आणि सामना जिंकला. दोन एकट्या त्रिंबकानं.

सामना संपल्यावर त्रिंबक हात मिळवायला आला. मान खाली घालून म्हणाला, "तुमच्या जागी आम्ही असतो तर सही केली असती."

त्या संध्याकाळी पोरं कडूबाला मागं सोडून परस्पर निघून गेली. आप्पासाहेब सर रागावलेही नाहीत. ते चेंडू जाळीत भरत राहिले. महिनाअखेर खोल्या रिकाम्या झाल्या. सांडू म्हणाला, भावाला विचारतो, परीक्षेपर्यंत आमच्याकडं राहा. तो विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

आई-बापाचा कळप तेव्हा शेंद्र्याच्या बाजूला बसला होता. कडूबा पेटी डोक्यावर घेऊन तिथं गेला. आईला सगळं सांगितलं. ती समजून घेईल अशी त्याची खात्री होती. त्या आशेवरच तो अठरा किलोमीटर चालला होता.

दगडाबाईनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "ते मेंढरांच्या कामाला रं. बोलावलेल्याशिवाय आपलं काम होत नाय म्हणून थांबतो आपण. तुझं तर त्यांच्याबिगर होत व्हतं." त्याची पेटी कडेला सारत म्हणाली, "सही करायची व्हती, बाबा."

जिच्या बोलावर तो थांबला होता, तिनंच असं म्हटल्यावर त्यानं पुस्तक उघडलं नाही. परीक्षेचा पहिला पेपर होता त्या सकाळी कळप बदनापूरच्या पुढं होता. रस्ता जवळच होता. औरंगाबादच्या दोन एसट्या गेल्या. बापानं विचारलं, "जातो का?"

कडूबा म्हणाला, "कशाला?" आणि मागं राहिलेलं एक लंगडं कोकरू उचलायला वळला.