बिरू गुरुजींच्या अकरा वह्या

चिन्मय, सई, आपले बिरू गुरुजी गेले त्याला सहा आठवडे झाले. त्यांच्या मुलीचा, कमलचा, आष्ट्याहून सकाळी फोन आला तेव्हा मी कपड्यांच्या घड्या घालत होते. फोन ठेवला, उरलेल्या घड्या घातल्या आणि मग बसले. तुम्हाला तेव्हाच लिहायचं होतं, जमलं नाही. पण गेल्या रविवारी तिकडून परदेशातून फोनवर चिन्मय म्हणाला, "आजी, पदवी मिळाली तरी इथली लायब्ररी मला कायम वापरता येणार आहे. आपल्याकडेही असंच असतं ना?" मी विषय बदलला. त्याचं उत्तर आज देते.

असतं, बाळा... कागदावर. कराडच्या ज्या कॉलेजात मी निवृत्त होईपर्यंत इंग्रजी शिकवलं, त्याच्या माहितीपत्रकात गुळगुळीत कागदावर छापलंय : 'माजी विद्यार्थ्यांसाठी आजीवन ग्रंथालय सुविधा'. शेजारी भरलेल्या कपाटांचा फोटो. कपाटांची कुलपं फोटोतही स्पष्ट दिसतात आणि ते छापताना एकालाही लाज वाटली नाही.

गुरुजी माझे विद्यार्थी. औंधच्या पलीकडच्या माळावरच्या मेंढपाळाचा मुलगा. घरातला पहिला पदवीधर. पुढे आष्ट्याला प्राथमिक शिक्षक झाले. निवृत्तीनंतर त्यांनी एकच काम धरलं. त्यांचे वडील दरवर्षी मेंढरं घेऊन औंधवरून कृष्णाकाठी उतरायचे, त्या वाटेची आणि वाटेवरच्या विहिरींची नोंद करायची. आता तिथे ऊस आहे आणि ऊसवाले मेंढक्यांना सांगतात, ही विहीर कधी सगळ्यांची नव्हतीच. गुरुजी म्हाताऱ्यांना गाठून वह्यांत लिहून घेत होते आणि त्या वह्या माझ्याकडे ठेवत होते. पण म्हाताऱ्यांच्या सांगण्याला पुरावा म्हणत नाहीत. पुरावा आमच्या ग्रंथालयात होता : संस्थानाच्या काळातल्या मोजणीचे नकाशे, सार्वजनिक विहिरींवर खूण केलेले.

मी त्यांना म्हणाले, "गुरुजी, रीतसर अर्ज करा. ओळखीनं काम नको." आयुष्यभर मी हेच शिकवलं होतं. त्यांनी ते ऐकलं, हीच त्यांची चूक म्हणायची.

अर्ज दिल्यावर त्यांच्याकडे विद्यार्थी असतानाची सगळी पुस्तकं परत केल्याचा दाखला मागितला. त्या वर्षाचं रजिस्टर वाळवीनं खाल्लं होतं, त्यामुळे दाखला देता येत नव्हता, आणि दाखल्याशिवाय कार्ड देता येत नव्हतं. हे सांगणारा माणूस खुर्चीवरून उठलासुद्धा नाही. गुरुजी संध्याकाळी माझ्याकडे आले, सवयीप्रमाणे आधी हात धुऊन टॉवेलला पुसले, मग टेबलाशी बसले. "आवं बाई, पुस्तक परत दिलं ही घोडचूक झाली बगा. घरात ठिवलं आसतं तर आज पुरावा म्हणून नाकासमोर धरलं आसतं." मी हसले. ते नाही हसले.

दुसऱ्या खेपेला त्यांना संगणकाकडे पाठवलं. जगभरातले शोधनिबंध तिथे वाचता येतात म्हणे, फक्त कॉलेजचा पासवर्ड हवा. तो निकालाच्या दिवशी बंद होतो. म्हणजे मुलांना परीक्षेपुरतं वाचू द्यायचं आणि स्वतःच्या डोक्यानं वाचायची वेळ आली की दार लावायचं. याला तिथे ज्ञानकेंद्र म्हणतात. मला दुसरा शब्द सुचतो, पण तो तुमच्या आईला आवडणार नाही.

तिसऱ्या खेपेला त्यांच्या हातात एक नियम ठेवला : दुर्मीळ साहित्य माजी विद्यार्थ्यांना दाखवले जाणार नाही. गुरुजींनी मला तो कागद दाखवला आणि लगेच घडी करून खिशात टाकला. पण मी भाषा ओळखली. ग्रंथालय समितीवर असताना तो नियम मीच लिहिला होता. एका दुपारी, चहा येण्याआधी विषय संपवावेत म्हणून. इतरांच्या कुलपांबद्दल मी इतकं लिहिते आहे, त्यातलं एक माझ्या हातचं आहे. मी तेव्हा बोलले नाही. त्यांना ठाऊक होतं का, हे मी कधी विचारलं नाही... आता विचारता येणार नाही.

त्यांच्या शोकसभेत त्यांना 'ज्ञानतपस्वी' म्हणणारे तेच लोक होते. दोन दिवसांनी ग्रंथपालांचा फोन आला. "मॅडम, सरांच्या वह्या तुमच्याकडे ठेवल्यात असं कळलं. आम्हाला द्या, काचेच्या कपाटात ठेवू."

"वाचायला मिळतील?"

"वाचायला कशाला, मॅडम? हाताळून खराब होतील."

मी म्हटलं, येऊन बोलते. गेले. मला खुर्ची मिळाली, चहा मिळाला, बिस्किटं मिळाली. नकाशे पाहायचेत म्हटल्यावर पाच मिनिटांत किल्ली आली. अर्ज नाही, दाखला नाही. जो कागद एका माणसाला अखेरपर्यंत मिळाला नाही, तो माझ्यासमोर अंथरून वर पंखा लावला, म्हाताऱ्या बाईंना उकडू नये म्हणून. औंधखालच्या वाटेवर चार विहिरी होत्या, चारही सार्वजनिक. त्यांची नावं आणि नकाशाचा क्रमांक मी उतरवून घेतला, बिस्किटं तशीच ठेवली आणि वह्या देणार नाही असं सांगून निघाले.

परवा कमल दोन मेंढक्यांना घेऊन आली. त्यातला वयस्क टेबलावरच्या वह्या बघून दारातच थबकला. "आमी हात लावला तर चालंल न्हवं?" मी त्याला बेसिन दाखवलं. त्यानं गुरुजींच्याच टॉवेलला हात पुसले आणि बोट ठेवत, ओठ हलवत दोन तास वाचलं. कमलनं त्यांना हव्या त्या पानांचे फोटो काढून दिले.

अकरा वह्या माझ्या जेवणाच्या टेबलावर आहेत. शेवटच्या वहीत गुरुजींनी कोऱ्या सोडलेल्या पानावर चार नावं माझ्या अक्षरात आहेत, बाकी सगळं त्यांचं. कुलूप नाही.