तिसऱ्यांदा दाराशी

किलार्डन गावात चहाला पहिल्याच विचारण्यात कुणी हो म्हणत नाही.

"चहा टाकू?"

"छे छे, आत्ताच घेऊन निघाले."

"अगं, घोटभर!"

"उगाच कशाला तुला त्रास?"

"आधण ठेवलंयसुद्धा मी."

"बरं बाई, असू दे मग. पण अर्धाच हं."

तो अर्धा कप काठोकाठ भरून येतो, सोबत बेदाण्यांच्या पावाची जाड, लोणी लावलेली फोड येते, आणि मग कुणी तास दीड तास उठत नाही. पहिला नकार रीतीचा, दुसरा मानाचा, तिसऱ्यांदा जे तोंडातून निघेल ते खरं. हा सगळा घोळ मात्र आपल्या माणसांपुरताच. बँकेचा साहेब आला, वाट चुकलेला कुणी प्रवासी दाराशी आला, तर हो की नाही ते एका शब्दात सांगून मोकळं व्हायचं. परक्याशी कशाला एवढं लाडात यायचं?

कार्मेल गॉर्मली या रीतीत जन्मली आणि याच गावात नांदली. ठेंगणी, रुंद हाडाची, बाह्या कायम कोपरापर्यंत सारलेल्या. मूलबाळ झालं नाही, त्याचं दुःख तिनं कुणाला दाखवलं नाही आणि कुणी तिला विचारलंही नाही. बटाटा आणि लीकच्या कांद्याचं सूप तिच्यासारखं पंचक्रोशीत कुणाला जमत नसे. ते सूप म्हणजे गावाच्या चालीचा अर्धा जीव.

चाल म्हणजे नाताळच्या दुसऱ्या दिवशी, सेंट स्टीफनच्या सणाला, सगळ्या गावानं चर्चपासून तळ्यापर्यंत चालत जायचं आणि परत यायचं. कार्मेल नवी नवरी होती तेव्हा फीनींच्या मुलीला डब्लिनच्या इस्पितळात न्यायचं होतं, तेव्हापासूनची ही प्रथा. दरवर्षी गावातलं एक अडलेलं घर निवडायचं आणि त्या घरासाठी वर्गणी गोळा करत चालायचं. पाऊस असो, गारा असो. पुढे डबे खुळखुळवत पोरंबाळं, मागे म्हातारी कुत्री, आणि चौकात पिवळं जाकीट घालून गाड्या अडवायला कार्मेलचा नवरा फिन्टन. मंत्र्याची गाडी आली तरी फिन्टनचा हात खाली येत नसे. "थांबा की! नाताळ आहे. कुठं आग लागलीय?" असं तो काचेत वाकून सांगायचा. परत आल्यावर हॉलमध्ये वाफाळतं सूप. गावातली सगळी भांडणं त्या एका दिवसापुरती सुपात विरघळून जात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तळाशी बसलेली दिसत.

पण चालीतलं सगळ्यात अवघड काम चालायचं नव्हे, विचारायचं होतं. 'यंदा तुमच्या घरासाठी चालू का?' हे त्या घरी जाऊन विचारायचं. अडलेला माणूस आधीच कानकोंडा झालेला असतो. ते काम म्हाताऱ्या मॅटी ब्रेननचं. तो कमिटीचा अध्यक्ष, आणि सोबतीला पाव घेऊन कार्मेल. मॅटी आधी मेंढ्यांच्या भावाबद्दल बोलायचा, मग हवेबद्दल, मग गुडघ्याबद्दल. कधीतरी मध्येच हळूच विचारायचा. घरचे म्हणायचे, "आम्हाला काही कमी नाही, मॅटी." तो मान डोलावून पुन्हा गुडघ्यावर यायचा. थोड्या वेळानं दुसऱ्यांदा. मग टोपी घालून उठायचा, दाराशी जायचा, कडीवर हात ठेवायचा आणि पाठ वळवूनच म्हणायचा, "मग चालू ना आम्ही?"

तिसऱ्यांदा नेहमी दाराशी. समोरच्याला आपलं तोंड दिसू नये आणि आपल्याला त्याचं. एका विधवेनं दुसऱ्या वेळी मॅटीला शिव्या घातल्या होत्या, "माझ्या घराची लक्तरं चव्हाट्यावर मांडतोस काय रे मेल्या!" आणि तिसऱ्या वेळी तीच बाई चुलीशी तोंड करून म्हणाली होती, "चाला." परतताना मॅटी कार्मेलला म्हणाला, "पोरी, पहिली नाही ऐकून जो उठतो ना, तो मदतीला आलेलाच नसतो. सुटायला आलेला असतो."

मॅटी गेला. अध्यक्ष झाली हेलन. हेलन मूळची इंग्लंडची, नवऱ्याबरोबर इथं घर बांधून राहिलेली. बाई मनानं सोन्यासारखी आणि कामाला वाघ. हॉलचं गळकं छप्पर तिनंच धसाला लावून दुरुस्त करून घेतलं. गावानं एकमतानं तिला अध्यक्ष केलं, कारण बाकी कुणालाच ती कटकट नको होती. कार्मेलची लहानपणापासूनची मैत्रीण नुआला झाली चिटणीस.

आणि त्याच वर्षी, उन्हाळ्यात, गवत कापताना फिन्टन कोसळला.

उजवी बाजू गेली. वाचा गेली. उरले ते दोनच शब्द, एक 'हो' आणि एक असा की जो चर्चच्या आवारात कुणी उच्चारू नये. इस्पितळातून त्याला तालुक्याच्या गावी, आजारी माणसांना ठेवतात त्या शुश्रूषागृहात हलवलं. घरी आणायचं तर खाली न्हाणीघर हवं, चाकाची खुर्ची जाईल एवढी दारं हवीत. गॉर्मलींच्या घरात न्हाणीघर वर, आणि जिना असा की धडधाकट माणसानंही तिरकं होऊन चढावं. सरकारी मदतीच्या रांगेत नाव लागलं होतं. पण ती रांग सरकायची तर बहुतेक पुढच्यांच्या मरणाचीच वाट बघायला हवी होती.

कार्मेल दर रविवारी बसनं जायची. पहिल्या रविवारी फिन्टन तिला कोट घालून बसलेला दिसला. डाव्या हातानं बटणं लावलेली, सगळी एक घर चुकून. परिचारिका हसून म्हणाली, "सकाळपासून असेच बसलेत. काढू देत नाहीत." दुसऱ्या रविवारी कोट. तिसऱ्या रविवारी कोट. कार्मेल आत आली की तो एक हात खुर्चीच्या दांडीवर टेकून उठायला बघायचा आणि म्हणायचा, "हो. हो."

"आज नाही रे," ती म्हणायची, आणि बटणं सोडून पुन्हा नीट लावायची. "अजून थोडे दिवस."

ते थोडे दिवस कुठून येणार आहेत हे तिला माहीत होतं. गावात जन्म गेला, कुणाच्या ना कुणाच्या घरासाठी सूप ढवळत. आपल्यासाठी मागायचं नसतंच मुळी. विचारायला येतील. तोवर दिवाणखान्याच्या मागची अडगळीची खोली तिनं स्वतः रिकामी केली, भिंतीवर पेन्सिलीनं न्हाणीघराचं दार किती रुंद हवं त्याची खूण केली.

नोव्हेंबरात एका दुपारी हेलन आणि नुआला आल्या. कार्मेलनं पाव आदल्याच दिवशी करून ठेवला होता. न करून कसं चालेल!

हेलनला फिरवाफिरव येत नसे. चहाचा पहिला घोट घेतला आणि तिनं कप खाली ठेवला.

"कार्मेलताई, सरळच विचारते. कमिटीला वाटतं की यंदाची चाल फिन्टनसाठी असावी. तुम्हाला चालेल?"

मेंढ्या नाहीत, हवा नाही, गुडघा नाही, एकदम हे! कार्मेलचे कान तापले. आणि सवयीनं तोंडातून जे यायचं तेच आलं.

"छे छे. आमच्यापेक्षा अडलेले कितीतरी असतील गावात. आमचं काय, भागतंय."

"नक्की?"

"हे 'नक्की' दुसरं विचारणं धरायचं की नाही?" असं कार्मेलच्या मनात येऊन गेलं. तिनं नुआलाकडं पाहिलं. नुआला कपात बघत होती, तळाशी काहीतरी पडलं असावं तशी.

"पाव घ्या ना," कार्मेल म्हणाली.

हेलननं तिचा हात हातात घेतला. डोळ्यांत खरंच पाणी होतं तिच्या. "मी समजू शकते. माझ्या आईचंही असंच होतं, फार मानी. तुमच्या शब्दाचा मी मान ठेवते. याबद्दल तुम्हाला पुन्हा कुणीही त्रास देणार नाही, हा माझा शब्द."

आणि ती उठली. कार्मेल त्यांच्यामागे दारापर्यंत गेली. हेलननं कडीवर हात ठेवला. कार्मेल उभी राहिली, एप्रनची कड मुठीत धरून. तोंडात उत्तर तयार होतं, एका शब्दाचं.

"पाव अप्रतिम होता," हेलन म्हणाली, आणि दार उघडून गेली. तिच्यामागून नुआला. नुआलानं जाताना कार्मेलच्या दंडावर थोपटलं, मयताच्या घरी थोपटतात तसं.

कार्मेल त्या आठवड्यात कुठं बाहेर पडली नाही. नुआला एकटी परत येईल, असं तिला वाटत होतं. बागेच्या फाटकाचा आवाज झाला की ती आधण ठेवायची. पोस्टमन चहा पिऊन गेला, अंडीवाली पिऊन गेली.

रविवारी चर्चमध्ये जाहीर झालं की यंदाची चाल फुटबॉलच्या मैदानाला दिवे बसवण्यासाठी. लोकांनी माना डोलावल्या. पोरांना हिवाळ्यात अंधारात खेळावं लागतं, खरंच आहे.

दुकानात नुआला भेटली. बटाटे निवडत होती.

"अगं, तू नाही म्हणालीस ना?" कार्मेलनं काही विचारायच्या आतच ती म्हणाली.

"म्हणाले."

"मग?"

"मग काय. म्हणाले."

"मला वाटलं हेलन पुन्हा विचारेल. अध्यक्ष ती आहे बाई, मी मध्ये कशी बोलू? तिला वाटलं असतं, आम्ही गाववाले तिला शिकवतो." नुआलानं बटाटा उलटा करून पाहिला. "आणि लोक म्हणतात, बॉस्टनचा भाऊ पाठवत असेल तुला."

"लोक म्हणतात? आणि तू काय म्हणतेस?"

"मी कशाला काय म्हणू!"

बॉस्टनच्या भावाचं नाताळचं कार्डसुद्धा ईस्टरला येत असे, हे नुआलाला गावात सगळ्यात चांगलं ठाऊक होतं. कार्मेलला तिथंच म्हणता आलं असतं, 'अगं भवाने, मला हवंय! माझा माणूस कोट घालून बसलाय!' बटाट्यांच्या पोत्याशी उभी राहून म्हणता आलं असतं. जीभ उचलेना. जन्मभर जी रीत पाळली ती दाताखाली खड्यासारखी आली, आणि तिनं तो खडा गिळला.

"सुपाला तुझे बटाटे नकोत," एवढंच ती म्हणाली. "पिठूळ आहेत. माझेच घेईन."

सेंट स्टीफनच्या दिवशी तिनं सूप केलं. चौकात पिवळं जाकीट घालून दुसराच कुणी उभा होता, आणि गाड्या त्याला न जुमानता निघून जात होत्या. हॉलमध्ये जो तो तिला म्हणत होता, "कार्मेल, धन्य आहे बाई तुझी! घरी एवढं आणि तरी तू!" कुणी मिठी मारली, कुणी फिन्टनला नमस्कार सांगितला. सगळ्यांच्या डोळ्यांत माया होती. खोटी नव्हती, हेच तिला सहन होईना. माया होती, उबदार होती, आणि दोन पावलं पुढं यायला तयार नव्हती.

उरलेलं सूप थर्मासमध्ये घालून ती शुश्रूषागृहात गेली. फिन्टननं कोट घातला होता. तिनं त्याला चमच्यानं सूप पाजलं, थोडं कॉलरवर सांडलं. त्यानं डावा हात उभा केला, गाड्या अडवायचा तसा, आणि तिच्याकडं बघितलं.

"झाली चाल," ती म्हणाली. "मस्त झाली."

त्यावर तो जो शब्द बोलला तो 'हो' नव्हता.

फेब्रुवारीत न्यूमोनियानं तो गेला. तिथंच, त्याच खोलीत. कोट पिशवीत घालून तिच्या हाती दिला. मैदानाचे दिवे वसंतात लागले. अडगळीच्या खोलीच्या खिडकीतून ते थेट दिसत, भिंतीवरची पेन्सिलीची खूण उजळून निघेल इतके.

पुढच्या नोव्हेंबरात हेलन आणि नुआला पुन्हा आल्या. या वेळी पाव नव्हता. मधल्या काळात हेलनला कुणीतरी रीत समजावून सांगितली असावी. नुआलानंच, दुसरं कोण! कारण हेलननं आधी हवेचं काढलं. मग स्वतःच्या गुडघ्याचं. मग अडखळत म्हणाली, "यंदाची चाल फिन्टनच्या नावानं करू का? त्यांचं पिवळं जाकीट काठीला लावून पुढं न्यायचं. सगळ्यांची इच्छा आहे."

"नको," कार्मेल म्हणाली.

हेलननं नुआलाकडं पाहिलं. नुआलानं बारीकशी मान हलवली, थांब अशी. थोडा वेळ हवेचं बोलणं झालं. मग हेलननं दुसऱ्यांदा विचारलं.

"नको. जाकीट मला द्या, मी जाळून टाकते."

हेलनचा चेहरा पडला, पण नुआला शांत होती. दुसऱ्या वेळी शिव्या पडतातच. दोघी उठल्या. दाराशी जाऊन हेलननं कडीवर हात ठेवला, पाठ वळवली आणि शिकवल्याबरहुकूम म्हणाली, "मग चालू ना आम्ही?"

"नाही," कार्मेल म्हणाली. शांतपणे, स्पष्ट. "माझ्या घरासाठी आता चालू नका."

तिसऱ्यांदाचं ते खरं, हे गावात शेंबड्या पोरालाही कळतं. पण सेंट स्टीफनच्या दिवशी चाल निघाली ती फिन्टनच्याच नावानं. "तोंडानं नाही म्हणते गं ती, मानी आहे," असं नुआलानं कमिटीला सांगितलं होतं. "मागच्या खेपेला आपण तिचं ऐकलं आणि चुकलो. या वेळी नको चुकायला." सगळ्यांना पटलं. मनावरचं ओझं उतरल्यासारखं झालं सगळ्यांना.

कार्मेलनं सूप केलं नव्हतं. स्वयंपाकघरात बसून तिनं पावलांचा आवाज ऐकला. फाटकाशी येऊन पावलं थांबली. शंभर माणसं गप्प उभी राहिली, टोप्या काढून, समोर काठीवर ते जाकीट. पोरांनी डबेसुद्धा वाजवले नाहीत. मग पावलं निघून गेली.

दुपारी दार वाजलं. नुआला उभी होती, हातात झाकलेला वाडगा. डोळे लाल.

"सूप आणलंय. तुझ्यासारखं नाही झालं. देऊ?"

नुआलाचा पाय उंबऱ्याशी होता. आता कार्मेल म्हणेल, छे छे, आत्ताच जेवले. मग ती म्हणेल, अगं, घोटभर. मग आत जाऊन बसता येईल, बोलता येईल, रडताही येईल.

"हो," कार्मेल म्हणाली. "द्या."

तिनं वाडगा घेतला. नुआलाचे हात तसेच पुढं राहिले. पहिल्याच विचारण्याला हो, आणि वर 'द्या'! शाळेत एका बाकावर बसलेल्या मैत्रिणीला.

"वाडगा फाटकावर ठेवीन," कार्मेल म्हणाली, आणि दार लावून घेतलं.