स्टेपनीवरचा पाचवा नट

भुताखेतांच्या गोष्टी मी कधी ऐकून घेतल्या नाहीत. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर म्हणून हयात गेली. ज्याचे मोजमाप नाही, ते मी कागदावर उतरवत नसे. हा प्रसंग लिहितो आहे, तो केवळ मला उलगडला नाही म्हणून.

कापसाची ती वाईट वर्षे होती. बोंडअळीपायी फवारणीवर फवारणी चालू होती आणि विषबाधा झालेली माणसे यवतमाळच्या दवाखान्यात दाखल होत होती. आर्णीपासून थोडे आत माझे शेत आहे. बाबाराव माझा सालदार, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. पोळ्याला बैलांची शिंगे रंगवून उरलेला लाल ऑइलपेंट त्याने माझ्या गाडीच्या चाकांच्या नटांवर फासला. मी रागावलो.

"बैलायले सजवलं, मंग गाडीनं काय घोडं मारलं, काकाजी?" तो म्हणाला.

रंग नटांच्या आट्यांत उतरून वाळला.

काही दिवसांनी, भर दुपारी, फवारता फवारता बाबाराव कापसाच्या पऱ्हाटीत कोसळला. तोंडाला फेस, अंग घामाने निथळलेले. त्याला मागच्या सीटवर घातले. त्याची बायको गंगा त्याचे डोके मांडीवर घेऊन बसली. डांबरी रस्ता लागण्याआधीच पुढचा डावा टायर फाटला. फोनला रेंज नाही... त्या आडरस्त्याला वाहन नाही.

चार नट कुरकुरत सुटले. पाचवा हलेना. पान्यावर उभा राहिलो — पाना घसरला, नटाचे कोपरे गेले. मग छिन्नी कडेला तिरपी लावली आणि हातोडीने ठोकत राहिलो. बोटे फुटली. थांबायचे नाही, एवढेच ठरवले होते.

"काकाजी, ह्यायचा श्वास घरघर करून राह्यला!"

"बोलत राहा त्याच्याशी."

"अवो, डोये उघडा ना! काकाजी नट ठोकून राह्यले. तुमच्याच रंगाची करणी हाय हे!"

तेवढ्यात नट फिरला. तळहातावर आला — तापलेला, गोल झालेला, अंगावर छिन्नीचे घाव. निकामी म्हणून शर्टाच्या खिशात टाकला. स्टेपनी चढवली, चार नट आवळले. पाचवा बोल्ट उघडाच राहिला. तो उघडा मी पाहिला आहे.

दवाखान्यात बाबारावाला लगेच आत घेतले. आणखी उशीर झाला असता तर हाती काही उरले नसते, असे डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, तो वाचणार हे कळल्यावर, गाडी टायरच्या दुकानात नेली. मिस्त्री चाकापाशी बसला.

"चार ठीक हायेत, साहेब. हा पाचवा तं कोणी खोललाच नाही."

मी वाकून पाहिले. पाचवा नट बोल्टवर होता. कोपरे शाबूत. लाल रंग नटावरून चाकाच्या पत्र्यावर ओघळून तसाच वाळलेला. मध्ये कुठे चीर नाही. आणि ते चाक स्टेपनीचे होते... रंग फासला त्या दिवशी ते डिकीत बंद होते. हे चाक काल मीच चढवले, असे मी मिस्त्रीला सांगितले.

"मंग चाक आत गेलं कुठून?" मिस्त्री हसला. "जादू करता काय, साहेब?"

मी खिशातला नट काढून त्याच्या हातावर ठेवला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला, चाकाकडे पाहिले, आणि मला परत दिला.

दवाखान्यात परतून गंगाला विचारले — नट निघाला तेव्हा तू काय पाहिलेस?

"नट कुठी निंगाला, काकाजी? तो तिथंच होता. चाक तसंच भायेर आलं तुमच्या हातात. मले वाटलं, इंजिनेर लोकायचं असंच असते."

माझे काम आणि तिचे पाहणे, दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. खोटे कोणते, हे मला आजतागायत ठरवता आलेले नाही.

बाबाराव त्याच हंगामात कामावर परतला. "काकाजी, तुम्ही होते म्हणून वाचलो," असे तो चारचौघांत सांगतो. मी मान हलवत नाही. नाकारतही नाही.