मुंजाचे रिकामे फुगे

काळ्या शाईचा वास आला की चारकोपमधली ती दुपार आठवते. आमच्या कॉमिकची चित्रं मी काढायचो, संवाद मित्र लिहायचा. नायक पिंपळावरचा मुंजा होता, कारण लोककथेतल्या भुतावर कुणाचा हक्क नसतो. त्या दुपारी शेवटचं पान मी संवादांचे फुगे रिकामे ठेवून मित्रापुढे सरकवलं. त्याने पेन उचललं नाही. "तूच लिही ना रे. मला बंगळुरूला नोकरी लागलीय, सोमवारी निघतो." "मुंजा काय बोलेल ते तुलाच सुचतं," मी म्हणालो. "तो काय माझ्या मालकीचा आहे? कुणीही लिहील, यार." चहा अर्धा टाकून तो गेला. मी पान तसंच छापलं. शेवटी मुंजा गप्प का, असं वाचक अजून विचारतात. आमचं तसंच ठरलं होतं, असं मी सांगतो.