मशीनला हात कळत नाही

वडिलांजवळ रोज संध्याकाळी तासभर बसावं लागू नये, म्हणून मी नाणी वेगळी करणारं मशीन बनवलं. लोकांना मी हे कारण सांगत नसे. छंद आहे, म्हणायचो. कंपनीतल्या मित्रांना मोबाईलवर व्हिडिओ दाखवला तेव्हा एक जण म्हणाला, "बापासाठी एवढं कोण करतं आजकाल!" ते कौतुक मुकाट्याने घेतलं आणि घरी आलो.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. ते मूळचे सायखेड्याचे, पण उमेदीची सगळी वर्षं गेली पिंपळगावात टेम्पो चालवण्यात. हंगामात द्राक्षं, बाकी वर्षभर कांदा. आई गेल्यावर ते नाशिकला आमच्याकडे पाथर्डी फाट्याला राहायला आले आणि गेल्या दिवाळीच्या तोंडावर त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय हळूहळू सुधारला. बोलणं जड झालं, पण समजायला लागलं. हात तेवढा राहिला. गिअर टाकणारा डावा शाबूत आणि स्टिअरिंग धरणारा उजवा गेला. भेटायला येणाऱ्यांना दादा सांगायचे, "निम्मी गाडी चालू हाय."

व्यायाम शिकवायला फिजिओथेरपीच्या एक मॅडम घरी यायच्या. माझ्या पुतणीच्या वयाची मुलगी, पण दादासुद्धा तिला मॅडमच म्हणत. तिने पहिल्या आठवड्यातच विचारलं, "घरात चिल्लर आहे का?"

चिल्लर होती. दादांना गोदावरीचा पूल ओलांडताना खिडकीतून एक नाणं नदीत टाकायची सवय होती. खिडकीतून जमलं नाही तर टेम्पो लावतील, उतरतील, पण नाणं टाकल्याशिवाय पुढे जाणार नाहीत. त्यासाठी गाडीत बिस्किटांचा पत्र्याचा डबा असे. टेम्पो विकला तेव्हा तो अर्धा भरलेला डबा घरी आला आणि माळ्यावर पडून राहिला. मी तो खाली काढला.

व्यायाम साधा होता. सगळी नाणी ताटात ओतायची. उजव्या हाताच्या चिमटीने एकेक उचलायचं आणि एकाचं एकाच्या वाटीत, दोनचं दोनच्या, पाचचं पाचच्या, असं टाकायचं. जवळ कुणीतरी बसायचं. निसटलेलं नाणं उचलून द्यायचं, डावा हात मदतीला आला तर तो मागे घ्यायला लावायचं आणि सगळं संपलं की वाट्या पुन्हा ताटात पालथ्या करायच्या. मॅडम म्हणाल्या, "पहिले काही महिने फार महत्त्वाचे असतात. रोज करा. आणि प्लीज, त्यांना एकटं बसवू नका, कंटाळतात."

बायकोचं स्टेशनरीचं दुकान शाळेपाशी आहे, तिला संध्याकाळी श्वास घ्यायला फुरसत नसते. म्हणजे तो तास माझा.

मी अंबडच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. दिवसभर बंद पडलेल्या मोटारी, जळलेले रिले आणि "कधी चालू होणार?" असं दर पाच मिनिटांनी विचारणारे सुपरवायझर. घरी येऊन बूट काढले की समोर ताट मांडलेलं असायचं. दादा एक नाणं उचलायला बघत. बोटं नाण्याभोवती यायची, थरथरायची, नाणं सरकायचं. पुन्हा. पुन्हा. मग ते वाटीच्या काठावर आपटून खाली पडायचं आणि घरंगळत पलंगाखाली जायचं. दादा टेम्पोवाल्याची शिवी हासडायचे आणि मी गुडघ्यांवर बसून पलंगाखाली हात घालायचो. मला त्यांची दया यायची हे खरं. पण त्याहून जास्त मला झोप यायची आणि मधून मधून रागही यायचा. कुणावर, ते सांगता येत नाही. ज्या माणसाने मला टेम्पोच्या केबिनमध्ये मांडीवर बसवून हॉर्न वाजवू दिला, त्याच्याकडे बघताना मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो.

मशीनची कल्पना तिथेच, ताटासमोर आली. मोबाईलवर कितीतरी लोकांनी घरी बनवलेली अशी मशीनं दाखवली होती. नाणं खाचेत टाकायचं, ते उतरत्या पट्टीवरून घरंगळत जातं, पट्टीला लहानापासून मोठ्यापर्यंत भोकं असतात, ज्याच्या मापाचं भोक येईल तिथे ते खालच्या डब्यात पडतं. भोकापाशी सेन्सर, नाणं आडवं गेलं की आकडा एकाने वाढतो. मी मेन रोडच्या बाजूच्या एका दुकानातून छोटा कंट्रोलर बोर्ड, सेन्सर, डिस्प्ले आणि बझर आणला. प्लायवूड घरातच होतं. हॉलच्या कोपऱ्यात सोल्डरिंग सुरू झालं.

"देवापुढच्या उदबत्तीपेक्षा तुमचाच धूर जास्त," बायको म्हणाली. "आणि दादांचा व्यायाम?"

"हे त्यांच्यासाठीच चाललंय."

मशीन होईपर्यंत ताट निघालंच नाही. दादा पलंगावर बसून माझ्याकडे बघत राहायचे आणि नाणी डब्यात होती. महत्त्वाच्या महिन्यांतले हे आठवडे माझ्या हातून गेले. तेव्हा मला ते दिसतसुद्धा नव्हतं, कारण मी कामात होतो आणि काम करणारा माणूस स्वतःला दोष देत नाही.

मशीन उभं राहिलं आणि चुकायला लागलं. व्हिडिओतली नाणी परदेशातली होती. आपल्याकडे जुना मोठा रुपया, मधल्या काळातले दोन रुपये आणि नवे पाच रुपये एकाच भोकातून पडतात. काही जुने दोन रुपये थेट दहाच्या डब्यात. मी वजनाचा काटा बसवून बघितला, जमलं नाही. शेवटी कंटाळून सोपा मार्ग काढला. गोंधळ घालणारी नाणी निवडून पिशवीत भरली आणि ज्यांचा आकार स्पष्ट वेगळा होता तेवढीच ठेवली.

दादा सगळं बघत होते. म्हणाले, "मशीनला जमत नाय ते काढून टाकलं व्हय?"

"हो. आता चुकणार नाही."

"बरंय. मंग मलाबी टाक पिशवीत."

आम्ही दोघंही हसलो. मी जरा जास्तच हसलो.

मग ते खरंच चालू लागलं. दादांच्या पलंगाला लावून मी ते टेबलावर ठेवलं. नाणं टाकलं की घरंगळल्याचा आवाज, मग बझरचं 'पिंक', आणि लाल आकडा एकाने पुढे. पहिले दोन-तीन दिवस मी शेजारी बसलो. नंतर आतल्या खोलीत जाऊन आडवा व्हायला लागलो. बाहेरून पिंक, पिंक ऐकू येत असे आणि तो आवाज येतोय तोवर मला निर्धास्त वाटे. कधी त्यातच डोळा लागायचा. उठलो की आकडा बघायचा. आकडा वाढत होता. सुरुवातीला एका तासात जेमतेम जेवढी नाणी जायची, त्याच्या तिप्पट जाऊ लागली. मी डिस्प्लेचा फोटो काढून मॅडमना पाठवत असे. त्या अंगठा पाठवायच्या. एवढी प्रगती आहे तर दर आठवड्याला बोलवायचं कशाला, असं म्हणून मी त्यांना महिन्याने यायला सांगितलं.

महिन्याने त्या आल्या. दादांच्या हातात त्यांनी आपला हात दिला. "दादा, दाबा बघू जोरात." मग स्टीलचा पेला पुढे केला. मग शर्टाचं बटण. दादांची बोटं बटणापर्यंत पोचली आणि तिथेच थांबली. आधीपेक्षा आखडली होती, ते मलाही दिसत होतं.

मॅडम गोंधळल्या. त्यांनी मशीनकडे पाहिलं, मोबाईलमधले मी पाठवलेले फोटो काढून पाहिले, आणि अगदी सहज विचारलं, "दादा, नाणी कोणत्या हातानं टाकता?"

दादांनी डावा हात वर केला.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग दादाच म्हणाले, "मशीन कुठं इचारतं?"

मॅडम मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. हात अजूनही सुधारेल, पण आता वेळ लागेल आणि किती सुधारेल ते सांगता येत नाही, एवढंच म्हणून त्या उठल्या. जाताना चपला घालता घालता म्हणाल्या, "सर, जवळ बसणं हाच अर्धा व्यायाम होता."

मी स्वयंपाकघरात गेलो. बायको भाजी चिरत होती.

"तुला माहीत होतं?"

"मी सांगितलं होतं तुम्हाला. दादा डाव्या हातानं टाकतायत, म्हटलं. तुम्ही पडल्या पडल्या 'हं' म्हणालात."

"पुन्हा सांगायचं ना."

तिने विळीवरचा हात थांबवला. "दोनदा सांगितलं. दोनदा 'हं' म्हणालात."

आणि आता जे सांगतो त्याची मला सर्वात जास्त लाज वाटते. त्या क्षणी माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो नव्या सेन्सरचा. उजव्या मनगटाला पट्टा बांधायचा, पट्टा जवळ आला तरच खाच उघडेल, अशी सोय करता येईल. मी तसाच बाहेर येऊन दादांना ते समजावून सांगायलाही लागलो. हातवारे करून.

दादांनी ऐकून घेतलं. मग सावकाश, एकेक शब्द ओढत म्हणाले, "आज पट्टा लाव. उद्या डोळे लाव. परवा त्यालाच म्हण, बाबा रे, तूच बस म्हाताऱ्यापाशी."

मी खाली बसलो. विचारलं, "दादा, पण डाव्या हातानं कशाला टाकायचीत? नुसती पडून राहू द्यायची होती."

"तू उठला का आधी त्यो आकडा बघायचा. आकडा कमी असला का तोंड उतरायचं तुझं." ते थांबले, श्वास घेतला. "लय थकून येतो तू. म्हटलं, वाढू द्या आकडा."

मी आतून झोपेत ऐकत होतो तो सगळा पिंक-पिंक आवाज दादांनी माझ्यासाठी काढलेला होता. मी माझ्या सुटकेसाठी मशीन बनवलं आणि त्यांनी ते मशीन माझ्यासाठी चालवलं. आपला उजवा हात मांडीवर ठेवून.

मशीन मी मोडलं नाही. मोडण्यात नाटक झालं असतं आणि नाटकालाही अंगात बळ लागतं. वायर काढून ते बाल्कनीत ठेवलं. पिशवीतली नाणी पुन्हा इतरांत मिसळली.

आता मी रोज बसतो. बदललो वगैरे म्हणणार नाही. अजूनही माझा डोळा लागतो, अजूनही मी घड्याळ बघतो आणि दादांना ते दिसतं. नाणं तसंच निसटतं. मॅडम पुन्हा दर आठवड्याला येतात, अंगठा थोडा सुटलाय म्हणतात, त्यापलीकडे काही कबूल करत नाहीत. दादांना आता बटण लावता येईल का, हे मी मॅडमना विचारायचं सोडून दिलंय.

काल ताटासमोर मला फारच जांभया येत होत्या. दादा म्हणाले, "जा, चहा टाक. मलाबी दे अर्धा." मी उठलो. स्वयंपाकघरात चहा उकळेपर्यंत बाहेरून नाण्याचा एकही आवाज आला नाही. मला वाटलं, झोपले.

कप घेऊन आलो तर दादा तसेच ताठ बसले होते. डावा हात पाठीमागे. उजव्या चिमटीत एक मोठा रुपया, आणि सगळा हात त्या रुपयासकट थरथरत होता. किती वेळ धरून बसले होते कोण जाणे.

"टाका की," मी म्हणालो.

"तू नव्हता ना," ते म्हणाले. "बघायला."

मी कप खाली ठेवून त्यांच्यासमोर बसलो. त्यांनी हात वाटीकडे न्यायला सुरुवात केली.