नकाशातली मोकळी जागा

“ते सगळं खरं हाय, पर आमी कुदळ कुठं मारायची?”

प्रश्न मागच्या रांगेतून आला. विचारणारे गृहस्थ सत्तरीच्या पुढचे, पैलवानी अंगाचे, कुस्तीत कान मोडलेले. सगळे त्यांना वस्ताद म्हणत होते. बैठक त्यांच्याच तालमीच्या हॉलमध्ये होती.

माईक देवधर सरांच्या हातात होता. सर आमचे प्रोजेक्ट हेड, पुण्याहून आलेले. ते हसले.

“आजोबा, कुदळ मारायचीच नाही. मी तेच तर सांगतोय. गॅसच्या लाइनवर परवानगीशिवाय कुणीही खोदायचं नाही.”

दोन-चार तरुण पोरं हसली. वस्ताद “बरं” म्हणाले आणि बसले.

मी रजिस्टरमध्ये लिहिलं: ‘हरकत क्र. १४. कुदळ कुठे मारायची?’ पुढच्या रकान्यात उत्तर लिहिलं: ‘लाइनवर खोदकामास मनाई असल्याचे समजावून सांगितले.’ सरांनी सही केली. आम्ही हरकत क्रमांक पंधराकडे वळलो. ती धुळीबद्दल होती.

मी एका पर्यावरण सल्लागार कंपनीत काम करते. शहरात घरोघरी पाइपने गॅस द्यायचा तर रस्त्याखाली लाइन टाकावी लागते. कुदळ-फावडी लागण्याआधी आम्ही त्या मार्गावरून चालत जातो आणि कशाला धक्का लागेल ते लिहून काढतो. झाडं, विहिरी, गटारं, जुन्या भिंती, धूळ, आवाज, माणसं. मग लोकांना बोलावून त्यांचं म्हणणं ऐकतो. बहुतेक बैठकांत तीनच प्रश्न येतात. रस्ता परत नीट कधी करणार, गॅस कधी मिळणार आणि स्फोट झाला तर काय. त्यांची उत्तरं आमच्याकडे छापील असतात.

मला चारचौघांत बोलता येत नाही. म्हणून बैठकीत माझ्याकडे रजिस्टर असतं. मान खाली घालून लिहीत राहिलं की कुणी आपल्याकडे बघत नाही. पण हा रिपोर्ट पहिल्यांदाच माझ्या नावाने जाणार होता. पेठेतला मार्ग मी आखला होता आणि व्हॉल्व चेंबरची जागाही मीच शोधली होती. चेंबर म्हणजे रस्त्याखालची काँक्रीटची छोटी खोली. कुठे गळती झाली तर तिथे उतरून पुढचा गॅस बंद करता येतो.

आमच्या जुन्या पेठांत अशी खोली कुठे बसवायची हा मोठाच प्रश्न असतो. रस्त्याखाली पाण्याची लाइन, ड्रेनेज, टेलिफोनची केबल, सगळं एकमेकांना खेटून. हे बघायला आम्ही रडार वापरतो. हातगाडीसारखं यंत्र रस्त्यावरून ढकलत न्यायचं, की जमिनीखाली काय आहे त्याच्या रेषा स्क्रीनवर उमटतात. तालमीसमोर रस्ता जरा रुंद होतो. तिथे मला एक गोल जागा सापडली होती. दीड-दोन मीटरची. आत काहीच नाही. माती मऊ, कधीतरी उकरलेली. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, ‘मोकळी जागा, चेंबरसाठी योग्य’. सर म्हणाले होते, “सोन्यासारखी जागा शोधलीस.” ते वाक्य मी दोन दिवस मनात घेऊन फिरत होते.

आता तो कुदळीचा प्रश्न डोक्यातून जाईना. खरं तर बैठकीतच विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, कारण विचारायला तोंड उघडावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच गेले. तालमीच्या आत मी आदल्या दिवसापर्यंत कधी पाऊल ठेवलं नव्हतं. म्हणून समोरच्या विजेच्या खांबाजवळ उभी राहून मोबाइल बघत राहिले. तालमीच्या भिंतीला लागून दगडी कट्टा आहे. त्यावर वस्ताद आणि त्यांच्याच वयाचे एक चाचा चहा पीत होते.

“काय वो मॅडम,” वस्ताद तिथूनच ओरडले, “खांब पडंल म्हनून धरलाय व्हय? या की हिकडं.”

मी गेले. चाचांनी त्यांच्या बशीतला चहा संपवून माझ्यासाठी अर्धा कप मागवला. त्यांचं नाव रसूलचाचा. तालमीत मोहरमला पीर पंजा, म्हणजे पिराचं धातूचं निशाण, बसतो, त्याची सेवा त्यांच्या घराकडे.

“काल तुम्ही कुदळीचं विचारलं होतं,” मी म्हणाले. “मला समजलं नाही.”

वस्तादांनी चाचांकडे बघितलं. “हिला म्हाईत न्हाय म्हनं.”

“गाव कंचं, पोरी?” चाचांनी विचारलं.

“इथलंच. कोल्हापूर.”

“आन् म्हाईत न्हाय?”

“मी इंग्लिश मीडियमला होते.” का कोण जाणे, मला एवढंच सुचलं.

“मग मोहरम काय फकस्त मराठी मीडियमलाच असतोय व्हय?” वस्ताद म्हणाले. दोघंही इतके हसले की कट्ट्यावरचं मांजर उठून गेलं.

हसून झाल्यावर त्यांनी सांगितलं. मोहरमच्या पहिल्या दिवशी तालमीसमोर कुदळ मारतात. तिथे खड्डा खणतात, त्याला खाई म्हणायचं. खाईत विस्तव पेटतो आणि शेवटच्या दिवसांत लोक त्यावरून चालतात. पंजा मुजावरांच्या, म्हणजे चाचांच्या घरच्यांच्या, हातात. पण पहिली कुदळ मारायचा मान वस्तादांच्या घरचा. आधी त्यांचे वडील मारायचे, त्याआधी आजोबा.

“खड्डा केवढा असतो?” मी विचारलं.

“कमरंइतका,” वस्ताद म्हणाले.

आमची पाइप जमिनीखाली साधारण एक मीटरवर असते. कमरेइतक्याच खोलीवर. मी चहाचा कप कट्ट्यावर ठेवला.

“जागा दाखवता?”

वस्ताद आत जाऊन कुदळ घेऊन आले. लोखंड झिजून निम्मं झालेलं होतं. दांडा मोडला की जुन्याच्या मापाने नवा कापायचा, हा नियम. त्यांनी तालमीच्या उंबऱ्याला कुदळ लावली आणि दांड्याने मोजत रस्त्यावर आले. एक, दोन, तीन. मागून आलेला रिक्षावाला हॉर्न न वाजवता थांबला. सात दांडे झाल्यावर वस्ताद डावीकडे एक दांडा सरकले आणि चपलेच्या टोकाने पेव्हर ब्लॉकवर खूण केली.

“हितं.”

माझ्या फोनमध्ये त्या मोकळ्या जागेच्या मध्यबिंदूचं लोकेशन होतं. मी तिथे जाऊन उभी राहिले. माझ्या बुटात आणि वस्तादांच्या चपलेत एका वितीचं अंतर होतं. इतकी चूक आमचं जीपीएस रोजच करतं, त्यामुळे चूक कुणाची होती ते मला कळलं.

मी सॅकमधून नकाशा काढला आणि कट्ट्यावर पसरला. गेले तीन महिने तो मी रोज बघत होते. पाण्याची लाइन गल्लीतून सरळ येते आणि तालमीसमोर डावीकडे वळसा घेऊन पुन्हा सरळ होते. ड्रेनेज उजवीकडून वळसा घेतं. टेलिफोनची केबलसुद्धा. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या खात्यांनी टाकलेल्या लाइनी. ओढ्यातल्या दगडाभोवतून पाणी जावं तशा त्या सगळ्या त्या एका गोलाभोवतून गेल्या होत्या. मला दिसली ती फक्त मोकळी जागा. ती कुणी मोकळी सोडली असेल, हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

“पाण्याची लाइन वळवायला तुम्ही सांगितलं होतं?” मी विचारलं.

“कोन सांगतंय?” वस्ताद म्हणाले. “खोदनारं बी हितलंच की. त्यांस्नी सांगाय लागतंय व्हय?”

आमचा कॉन्ट्रॅक्टर बाहेरचा होता. त्याची माणसं परराज्यातली. त्यांनी नकाशा बघून खोदलं असतं आणि नकाशा माझा होता. पुढच्या मोहरमला वस्तादांनी सात दांडे मोजून कुदळ मारली असती आणि ती माझ्या चेंबरवर किंवा गॅसच्या पिवळ्या पाइपवर बसली असती. त्यानंतर तिथे विस्तव पेटणार होता.

माझी चेकलिस्ट मी पुन्हा पाहिली. ‘पन्नास मीटरच्या आत धार्मिक स्थळ आहे का?’ या प्रश्नापुढे मी ‘नाही’वर टिक केली होती. तालीम मी ‘व्यायामशाळा’ या सदरात घातली होती.

घरी पप्पांना विचारलं, “तुम्हाला खाई माहीत होती?”

“हो की. तुला खांद्यावर बसवून नेलं होतं. हलगी सुरू झाली आणि तू रडायला लागलीस म्हणून परत आणलं.”

आम्ही जैन. मोहरम म्हणजे मला शाळेची सुट्टी एवढंच आठवत होतं.

देवधर सरांना फोन करायच्या आधी मी काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं. सर चिडले नाहीत. त्यांनी विचारलं, “खड्डा दहा फूट सरकवायला तयार आहेत का?”

“नाही, सर.”

“विचारलंस?”

“नाही. पण नाही होणार ते.”

मी सरांना असं ठाम उत्तर पहिल्यांदाच देत होते. ते म्हणाले, “ट्रायल पिट घेऊ. मी येतो.”

ट्रायल पिट म्हणजे यंत्र न लावता हाताने खणलेला छोटा खड्डा. रडारवर दिसलं ते खरंच आहे का, हे बघण्यासाठी. मोहरमशिवाय मधोमध कुदळ लागणार नाही, असं वस्तादांनी आधीच बजावलं. म्हणून आम्ही कडेला खणलं. चाचा जवळ उभे राहिले. त्यांनी काहीतरी हळू म्हटलं आणि मग कामगारांना हाताने खूण केली.

पेव्हर निघाले, खडी निघाली, मग माती लागली. गुडघाभर खणल्यावर कामगाराने खड्ड्याची भिंत खुरप्याने साफ केली आणि तो बाजूला झाला.

काळा पट्टा, त्याखाली तांबूस माती, पुन्हा काळा पट्टा, पुन्हा माती. कुठे ठळक, कुठे पुसट. वाटीत वाटी ठेवावी तसे एकाखाली एक. राख आणि कोळसा. कॉलेजमध्ये मातीचे थर आम्हाला शिकवले होते, ते नदीने आणलेले. माणसांनी दरवर्षी येऊन, त्याच जागी उकरून, पेटवून, पुन्हा बुजवून केलेले थर मी पहिल्यांदा बघत होते. देवधर सर वाकून मोजायला लागले. दहा-बारापर्यंत मोजले असतील. मग पट्टे एकमेकांत मिसळले आणि त्यांनी मोजणं सोडून दिलं. सर उठले आणि त्यांनी हेल्मेट काढून हातात घेतलं.

“हे किती जुनं आहे?” त्यांनी विचारलं.

“आमी कुठं मोजलंय?” चाचा म्हणाले.

पण थर बघून डिझाइन होत नाही. संध्याकाळी आम्ही सगळे कट्ट्यावर बसलो. सरांनी समजावून सांगितलं. पाइप खूप खोलवरून न्यायचा पर्याय होता, पण विस्तवाखालून गॅसची लाइन न्यायला सेफ्टी खातं कधीच हो म्हणणार नाही. वळसा घ्यायचा तर पाण्याची लाइन आणि ड्रेनेज आधीच वळसा घेऊन बसलेत. त्यांच्यापासून ठराविक अंतर सोडावं लागतं आणि तेवढी जागाच शिल्लक नाही.

“म्हणजे काय?” वस्तादांनी विचारलं.

“म्हणजे ही गल्ली वगळायची. इथल्या घरांना गॅस नाही.”

समोरच्या घरातून एक बाई दारात येऊन ऐकत होत्या. बैठकीत गॅस कधी मिळणार असं त्यांनीच दोनदा विचारलं होतं. त्यांनी वस्तादांकडे बघितलं.

माझ्या मांडीवर नकाशा होता. एकच पट्टी मोकळी होती, तालमीच्या भिंतीलगतची. ती मी सुरुवातीलाच सोडून दिली होती. ते बोलून दाखवायला मला धीर गोळा करावा लागला.

“एक जागा आहे,” मी म्हणाले. “आपण जिथे बसलोय ती.”

वस्तादांनी कट्ट्यावरून हात फिरवला. त्यांचं अर्धं आयुष्य त्या कट्ट्यावर गेलं होतं. तो मुळात रस्त्याच्या जागेत बांधलेला. महापालिका किती वर्षं तो काढायच्या नोटिसा देत होती आणि ही माणसं किती वर्षं त्या नोटिसांची पुडी बांधून शेंगदाणे खात होती, हे सगळ्या पेठेला माहीत होतं.

“रसूल,” वस्ताद म्हणाले, “कट्टा ग्येला तर बसायचं कुठं?”

“खुर्च्या हायत की,” चाचा म्हणाले. “खाई खुर्चीवर बसंल का?”

वस्ताद हसले नाहीत. ते सरांना म्हणाले, “फोडा. पर म्हापालिकेला सांगू नगा, आमी नोटिशीला भ्यालो म्हनून.”

कट्टा चार दिवसांत निघाला. पाइप भिंतीलगत नेहमीपेक्षा खोल गेली. सेफ्टी खात्याने जागा येऊन पाहिली आणि होकार दिला. चेंबर गल्लीच्या तोंडाशी गेलं. माझा रिपोर्ट तीन आठवडे लांबला. समोरच्या बाईंच्या ओट्यावर आता पिवळी नळी आहे. त्यांनी मला त्या गॅसवरचा पहिला चहा पाजला.

मोहरमच्या पहिल्या दिवशी मी गेले. त्याच खांबाला टेकून उभी राहिले. वस्तादांनी उंबऱ्याला कुदळ लावली आणि मोजत निघाले. हलगी वाजत होती. या वेळी मी थांबले. पायाखाली काय काय आहे ते मला पाठ होतं. पाणी वळून गेलेलं, ड्रेनेज वळून गेलेलं, केबल वळून गेलेली, आणि आता आमची पिवळी पाइपही. सातवा दांडा, मग डावीकडे एक. कुदळ बसली आणि पाचपन्नास माणसांनी एकदम श्वास सोडला. त्यांत मीही होते.

आमच्या चेकलिस्टमध्ये आता एक प्रश्न वाढला आहे. ‘मोकळी जागा आढळल्यास ती कोणी आणि का मोकळी सोडली, हे तिथल्या माणसाला विचारले का?’ सरांनी तो एकही शब्द न बदलता मंजूर केला.

आणि ते रजिस्टर ऑफिसला जमा करण्याआधी मी हरकत क्रमांक चौदापुढचं उत्तर खोडलं, बाजूला सही केली आणि नवीन लिहिलं: ‘मारत आलात तिथेच.’