बैठकीतला समुद्र

मोम्बासाच्या पाणीपुरवठा खात्यात तीस वर्षं पंप दुरुस्त करून म्वानाकोम्बो निवृत्त झाली, तेव्हा तिच्या नवऱ्याला घरात बसून दोन वर्षं झाली होती. अथुमानी जन्माचा पाणबुड्या. पण कानाचा पडदा फाटला आणि डॉक्टरांनी बुडी मारणं कायमचं बंद केलं. तेव्हापासून तो समुद्राकडे पाठ करून बसे.

म्वानाकोम्बोनं बैठकीत प्रवाळासाठी आठ फुटांची काचेची टाकी उभारायला घेतली. आधी काँक्रीट घालून जमीन भक्कम केली. वर मोठी टाकी, तिच्या काठाजवळ जास्तीचं पाणी खाली सोडणारं भोक, खाली पाणी गाळायची लहान टाकी, आणि खालचं पाणी वर चढवायला पंप.

"रुकियाची आई, वीज गेली की वरचं पाणी खाली येणार," अथुमानी म्हणाला. "घरात भरती आणतेस का?"

"तेवढा हिशेब येतो मला," ती म्हणाली, आणि खालची टाकी तिनं अर्धीच भरली.

खारं पाणी भरून झाल्यावर तिनं मुद्दाम पंप बंद केला. भोकाच्या वरचं तेवढं पाणी घळाघळा खाली उतरू लागलं. अथुमानी नकळत उठून जवळ आला. खालचं पाणी चढत गेलं आणि काठापासून चार बोटं खाली थांबलं.

त्यानं वाकून टाकीच्या रिकाम्या तळाकडे पाहिलं.

"आत दगड मी रचणार," तो म्हणाला. "मासा कुठं लपतो, ते तुला काय कळणार?"

"मग दगड निवडायला किनाऱ्यावर यावं लागेल."

सकाळी ती चहा ठेवत होती, तेव्हा तो चपला घालून दारात उभा होता.